आठ तारांच्या जागी चारच

महोदय,

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आईच्या कीर्तनांच्या जुन्या ध्वनिफिती 'रास्पबेरी पाय ४' या एकाच बोर्डावरच्या छोट्या संगणकावर साठवल्या आहेत. नेटवर्कवरून फाइल सरकता सरकेना. दुकानदाराचा सल्ला, "काका, बोर्डच बदला." का म्हणून? या बोर्डाला खरा गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट) नेटवर्क पोर्ट आहे. जोडणीचा वेग सांगणारी 'ईथटूल' ही आज्ञा मात्र १०० मेगाबिटच दाखवत होती. नेटवर्क केबलच्या पारदर्शक टोकात डोकावलो, तर केशरी-हिरव्या जोड्या जागेवर, निळी आणि तपकिरी गायब! गिगाबिटला आठही तारा लागतात. केबल बदलताच १०००. (जुन्या 'पाय ३ बी' बोर्डाची धाव मुळातच १००, तिथे केबलला बोल लावू नये.) विक्रेत्यांनी वेष्टनावर तारांची संख्या ठळक छापावी. ग्राहकाने काय दुकानात भिंग घेऊन जायचं?

– एक निवृत्त ग्रंथपाल, बडोदे