परदेशी महानगरातून लहान गावात येणाऱ्यांची खरी अडचण

महोदय,

परदेशातील महानगर सोडून लहान गावात स्थायिक होणाऱ्यांविषयीची चर्चा बहुधा इंटरनेटचा वेग आणि रुग्णालयाचे अंतर यांपाशीच थांबते. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांवर काही ना काही तोडगा निघतो. खरी कसोटी माणसांच्या व्यवहारात लागते.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ मध्येच दाखवून दिले होते की, क्षणोक्षणी आदळणाऱ्या असंख्य उद्दीपनांपासून स्वतःला जपण्यासाठी महानगरातील माणूस अलिप्तता अंगी बाणवतो. तिथे सभ्यतेचा भाग असलेली हीच अलिप्तता लहान गावात आढ्यता ठरते. उलट, गावाने आपुलकीने केलेली विचारपूस नव्याने आलेल्याला खासगी आयुष्यातील ढवळाढवळ वाटते. यात दोष कोणाचाच नसतो, आणि म्हणूनच हा दुरावा कोणी बोलून दाखवत नाही.

मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० मध्ये ‘सांस्कृतिक धक्का’ समजावताना, दैनंदिन वागण्यातील परिचित खुणा हरवल्याने येणाऱ्या अस्वस्थतेवर बोट ठेवले होते. माझ्या मते ही अस्वस्थता सर्वाधिक सोसतो तो, ज्याने स्थलांतराचा निर्णय स्वतः घेतलेला नसतो: नोकरी सोडून आलेला जोडीदार किंवा मित्र मागे राहिलेला किशोरवयीन मुलगा. कुटुंबांनी त्यांचे मत जागा बदलण्यापूर्वीच विचारात घ्यावे आणि गावातील वाचनालये, क्रीडामंडळे यांनी अशा नवागतांना केवळ सभासदत्व न देता एखादे नियमित काम सोपवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक