बांधावर हरळी लावू का?

बार्शी, २८ मे

प्रिय सुभाष,

आम्ही सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच. हे फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसत सुटला असतास, म्हणून लिहितोय.

परवाच्या वळवानं आपला सामाईक बांध ओढ्याच्या अंगाला फुटला. तुझी काळी माती माझ्या तुकड्यात आली आणि माझी ओढ्यात गेली. भराव पुन्हा घातलाय, पण उघडा राहिला तर मृगातच बसेल. त्यावर मला हरळी लावायची आहे.

हो, हरळीच. आप्पांनी जिच्यापायी उन्हाळेच्या उन्हाळे टिकाव चालवला तीच! (चतुर्थीला एकवीस दूर्वा तिच्याच खुडतात, तेव्हा बरी चालते.) पण फुटलेल्या बांधात जिथं तिची जुनी चटई होती, तेवढाच तुकडा शाबूत राहिलाय. वरच्या धावत्या खोडांनी पेरापेराला मुळ्या धरलेल्या, खाली कांड्यांचं जाळं. पाणी वरून गेलं, माती हलली नाही. सगळे वाळा लाव म्हणतात. वाळा रानात पसरत नाही, हे मान्य. पण दोन ओळींमधला उघडा उतार कोण झाकणार?

गड्यानं आणलेल्या भाऱ्यात निम्मं भलतंच गवत निघालं. बसून निवडलं. पातं खोडापासून फुटतं तिथं पांढऱ्या केसांची बारीक कड दिसली की ती घ्यायची. तुऱ्याला बहुधा तीन ते सहा नाजूक बोटं, सगळी एकाच टोकातून. ज्याची बोटं जाड आणि टोकाला काट्यासारखी उघडी, ते हंगामी गवत, पावसाळ्यानंतर वाळून जातं. रान नाचणीचा ठोंब होतो, ती धावत नाही. दोन-तीन पेरांच्या कांड्या वीतभर अंतरानं लावल्या की पुरे.

घोर एकच आहे, तुझ्या रानात शिरली तर? दोन्ही अंगांना चर काढून तो दर उन्हाळ्यात उकरीन. वर आलेल्या कांड्या मे महिन्याच्या उन्हात वाळून मरतात. सावलीही तिला सोसत नाही, म्हणून कडेला तूर दाट पेरू. तरी एखादी कांडी निसटतेच. आठव, आप्पांनी खणलेली हरळी तू ओढ्यात ढकललीस आणि ती खाली आमच्या उसात फुटली. दादा अजून तुझ्या नावानं बोटं मोडतात, आणि तू अजून म्हणतोस की बैलानं पाडली! पण बांध नुसताच ठेवला तर दोघांचीही माती जाईल, आणि गेलेली माती आपल्या हयातीत परत येत नाही रे.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पोरीला कॉलेज मिळालं का? तुझी पाठ?

मृगाच्या आत हो-नाही कळव. आणि हो असेल तर आप्पांना तू सांगायचंस. तुझ्यावर चिडले तरी रात्री जेवायला हाक मारतील.

तुझा,
दत्ता