स्वतःच्या घरातली नोकरकपातही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे वडील लालबागला गिरणीत साचेवाले होते. १९८२च्या संपात आमच्यासारख्या घरांतली चूल थंडावली, तेव्हा वर्तमानपत्रांनी गिरणी कामगारांवर पानेच्या पाने लिहिली. थोरल्या भावाची नोकरी मात्र एका वर्तमानपत्रातूनच गेली आणि त्याची एक ओळही कुठे आली नाही.

भाऊ बावीस वर्षे मुद्रितशोधक होता. रात्री निधनवार्ता हाताखाली आली आणि आडनाव पाटणकर की पाटनकर असा संशय आला, की तो त्या घरी फोन लावायचा. आधी क्षमा मागायचा, मग नाव विचारायचा. गेल्या महिन्यात आमच्या चाळीतल्या आजोबांचे वय ८४ऐवजी ४८ छापून आले. सुनेने तो अंक सासूबाईंना दाखवलाच नाही.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदीमुळे मुंबईत घरोघरी पेपर येणे थांबले. जुलैत भावाला बोलावून राजीनाम्यावर सही घेतली. करोना निमित्त झाला, एवढेच. जागा, नोकरी, वधू-वर या छोट्या जाहिराती त्याआधीच संकेतस्थळांवर गेल्या होत्या. मोठ्या जाहिरातदारांचा पैसा गूगल-फेसबुककडे वळला होता. अंकाच्या किमतीत छपाईचा खर्च भागत नाही, हे मला कळते. मालकांची अडचण खोटी नाही.

पण सगळी झळ खालच्या माणसानेच का सोसायची? वर्तमानपत्रांतल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबतच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये उचलून धरल्या, २०१७मध्ये त्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचे सांगितले. भाऊ कंत्राटावरच होता. हक्क मागितला तर पुढचे कंत्राट मिळणार नाही, या धास्तीने तो गप्प राहिला. आज तो एका सोसायटीच्या कार्यालयात देखभाल खर्चाच्या पावत्या फाडतो. पावतीवरच्या नावातली वेलांटीसुद्धा चुकू देत नाही.

बँकेत, विमान कंपनीत, आयटीत माणसे कमी झाली की तुमच्याकडे आकड्यांसह बातमी येते. तशी वर्तमानपत्रांचीही यावी. येत्या ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, १८३२ साली याच मुंबईत ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांवर लेख येतीलच. त्याच पानावर, गेल्या दहा वर्षांत तुमच्या कार्यालयातून किती मुद्रितशोधक, उपसंपादक, वार्ताहर आणि छपाई कामगार गेले आणि त्यांना काय देऊन पाठवले, ते छापा.

एक वाचक, लालबाग, मुंबई