बोअरिंगवाल्या काकांना, खडूच्या आकड्यांबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या तुमच्या शेडमध्ये माझ्या एमजीबीचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, इंजिन ब्लॉक टेबलावर चढला, तेव्हा तुम्ही काही बोललाच नाहीत. फडक्याने बोअर, म्हणजे सिलिंडरची भोकं, पुसलेत, डायल गेज आत सोडलंत; वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी माप घेतलंत आणि प्रत्येक सिलिंडरशेजारी ब्लॉकच्या फेसवर खडूने आकडा लिहिलात. तिसऱ्यापाशी ८०.४१ मिलिमीटर. त्याखाली मूळ माप, ८०.२६. मग म्हणालात, "एवढ्या झिजेने इंजिन मरत नाही."

ते खडूचे आकडे अजून डोळ्यांसमोर आहेत. कारण त्याआधी दोन गॅरेजांत नुसता निळा धूर बघून निकाल लागला होता. एकाने सांगितलं, इंजिन गेलं, ॲम्बेसिडरचं टाका. दुसऱ्याने इसुझू सुचवलं. ॲम्बेसिडरचं १४८९ सीसी इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, एमजीबीसारख्याच बी-सिरीज घराण्यातलं, म्हणून सल्ला पटकन पटतो. पण १७९८ सीसीच्या गाडीत ते घालून उरणार काय? इसुझूला तर माउंटिंगपासून प्रोपेलर शाफ्टपर्यंत कापाकापी. आरसीवरचा इंजिन नंबर बदलणार तो वेगळाच. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी, तर ती मूळ रूपात असावी लागते. यातला एक शब्द कोणी काढला नाही. सिलिंडरमधला दाब मोजणारं कम्प्रेशन गेजसुद्धा कोणी लावलं नाही, याचा राग अजून जात नाही.

ती कम्प्रेशन टेस्ट तुम्ही इंजिन खोलण्याआधी फोनवर सांगून करून घेतलीत. तिसऱ्याला १०५ पीएसआय, बाकी १४० च्या आसपास. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडल्यावर तिसरा १३५ वर. म्हणजे दोष रिंग आणि बोअरचा. व्हॉल्व्ह गळत असता, तर काटा फारसा हललाच नसता.

ब्लॉक बदलायचा कधी, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. बोअर साठ थाउपर्यंत (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गेलेला असला तरी स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घालून ब्लॉक वाचतो. पण मेन बेअरिंगच्या बैठकीलाच भेग असेल, किंवा कनेक्टिंग रॉड भिंत फोडून बाहेर आला असेल, तर दुसरा ब्लॉक शोधावा, आणि तोही १७९८ चाच.

वीस थाउ मोठे पिस्टन हातात येईपर्यंत तुम्ही कटर लावला नाहीत. पाकिटावर ८०.७७ छापलेलं असलं तरी बोअर मारायचा तो पिस्टनच्या स्कर्टचं, म्हणजे खालच्या भागाचं, माप घेऊन. क्रँक दहा थाउ ग्राइंड करताना जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, कोपऱ्यातली गोलाई राखलीत. तिथे धार आली की क्रँक तिथूनच तुटतो. ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे, प्लग काढून आतून ब्रश फिरवलात, कारण बोअरिंगचा कीस आत राहिला की नवे बेअरिंग सुरू होताच ओरखडतात. वेल्श प्लग, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीवरची पत्र्याची टोपणं, काढल्यावर चौथ्या सिलिंडरमागून निघालेला गाळ पत्र्याच्या डब्यात भरून दाखवलात. गाडी तापायची ती त्यामुळे. २००० पासून पेट्रोलमध्ये व्हॉल्व्हची सीट जपणारं शिसं नाही, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट. नव्या कॅमशाफ्टबरोबर त्यावर घासणारे टॅपेटही नवेच, झिंकवालं ऑइल, आणि पहिली वीस मिनिटं २००० आरपीएमच्या खाली येऊ द्यायचं नाही.

काका, गिऱ्हाईकाला काय कळतंय, असं तुम्ही एकदाही धरून चालला नाहीत. गेज हातात देऊन "तुम्हीच वाचा" म्हणालात. डॉक्टर असो की प्लंबर, असा माणूस भेटला की अर्धी काळजी तिथेच उतरते. तुमच्या शेडवर धड पाटीही नाही, आणि शहरभर झगमगत्या पाट्या आहेत, हे पाहून वाईट वाटतं.

ब्लॉक धुतला तेव्हा खडू गेला. आकडे मात्र सर्व्हिस बुकात उतरवून ठेवलेत, तुमच्याच क्रमाने. गरम इंजिनावर चालताना ऑइल प्रेशर ६० पीएसआय दाखवतंय, धूर नाही. आता ८०० किलोमीटर होत आले. हेड पुन्हा पन्नास फूट-पाउंडला आवळायचं आणि व्हॉल्व्हचा गॅप पंधरा थाउ बघायचा. इंजिन थंड हवं म्हणालात, म्हणून गाडी शनिवारी संध्याकाळीच तुमच्या शेडसमोर आणून ठेवतो. रात्रभरात गार होईल.