सूचना : रविवारची बैठक, कथा वाचूनच या

सभासद मंडळी, नमस्कार.

रविवारी संध्याकाळी साडेसहाला नेहमीच्या गच्चीवर बैठक आहे. (पाचची वेळ मागणाऱ्यांनी जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखाली बसून दाखवावं.)

या वेळी आपल्याच एका सभासदाची अप्रकाशित दीर्घकथा आहे. काळ भविष्यातला. पाऊस हुकलेला, केळीच्या बागा उभ्या जळालेल्या. माणसं कमी झाल्याशिवाय पृथ्वी वाचणार नाही असं मानणारी एक टोळी हतनूर धरणाचा नियंत्रण कक्ष ताब्यात घेते. 41 दरवाजे उघडून तापी 'मोकळी' करायची, असा तिचा बेत. आत अडकलेल्या तिघांना जिवंत बाहेर पडायचंय.

पहिली वीस पानं खाली ठेवता येत नाहीत. पुढे मात्र म्होरक्या नुसती भाषणं ठोकतो. असा माणूस खरा वाटला पाहिजे. अमेरिकेतला टेड कॅझिन्स्की गणिताचा प्राध्यापक होता. तंत्रज्ञानावर उभ्या समाजाविरुद्ध त्यानं 1978 ते 1995 या काळात बॉम्ब पेरले, तिघांचा जीव गेला. म्होरक्याचं निम्मं म्हणणं पटावं, मग घाम फुटावा.

दुसरी शंका विज्ञानाची. दरवाजांच्या उंबऱ्याखालचं पाणी दरवाजे उघडून वाहत नाही, आणि दुष्काळात साठा तिथेच गेलेला असणार. लेखकभाऊंनी उत्तर तयार ठेवावं.

प्रत बाहेर कुणाला पाठवू नका. शेवट गटावर फोडू नका. पाण्याची बाटली आपापली आणा.