स्टॅटिक आयपी घेण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरून सर्व्हर चालवायचा तर स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा इंटरनेटवरचा पत्ता) घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, असे आपल्या पुरवणीतील लेखात ठासून म्हटले आहे. माझा अनुभव निराळा आहे. घरातले फोटो आणि आईने हाताने लिहिलेल्या वह्यांचे स्कॅन मी एका जुन्या लॅपटॉपवर ठेवले आहेत, आणि आयपी आहे डायनॅमिकच, म्हणजे बदलता. राउटर बंद होऊन सुरू झाला की तो कधी बदलतो, कधी तोच राहतो. बदलला तर राउटरमधली डायनॅमिक डीएनएसची सोय नवा आकडा आमच्या डोमेनला, म्हणजे साइटच्या नावाला, आपसूक जोडते. नोंदीचा टीटीएल, म्हणजे इतरांनी ती नोंद जपून ठेवण्याची मुदत, ६० सेकंद ठेवला आहे. नातेवाईक फोटो बघत असतात, त्यांना याचा पत्ताही लागत नाही.

खरी मेख आहे सीजीनॅटची, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीचे एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटून झाले. त्यामुळे अनेक कंपन्या एकच पब्लिक आयपी (बाहेरच्या इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात; हेच सीजीनॅट. मग बाहेरून आलेली विनंती नेमक्या कोणाच्या घरी पाठवायची, हे कंपनीच्या यंत्रणेला ठरवता येत नाही. तुम्ही राउटरमध्ये हवे तेवढे पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरच्या विनंतीला घरातल्या सर्व्हरपर्यंत वाट करून द्या, विनंती तिथवर पोचतच नाही.

राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर सीजीनॅट आहे असे समजावे. हा पट्टा २०१२पासून त्याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवर वेगळाच आकडा दिसला, तरी संशय घ्यावा. मी जोडणी घेण्यापूर्वी एका कंपनीला हेच विचारले, तर उत्तर मिळाले, ‘सर, स्पीड एकदम मस्त येईल.’ पुन्हा विचारले, तर स्पीडचा दुसरा प्लॅन सांगितला!

मेल सर्व्हरची गोष्ट वेगळी, तिथे स्टॅटिक हवाच. डायनॅमिक पट्ट्यातून आलेली मेल बरेच सर्व्हर दारातूनच परत पाठवतात. पण आयपीसोबत कंपनी रिव्हर्स डीएनएसची (आयपीवरून नाव सांगणारी) नोंद करून देणार का आणि मेल पाठवण्याचा २५ नंबरचा पोर्ट खुला ठेवणार का, हे आधी विचारा, नाहीतर पैसे पाण्यात. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही हे खरे, मात्र घराला मिळणारा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) तिथेही बदलू शकतो, आणि पाहणाऱ्याकडे फक्त आयपीव्ही४ असेल तर सगळेच अडते.

पब्लिक आयपी मिळतो की सीजीनॅटमागचा, आणि कोणते पोर्ट बंद आहेत, हे कंपन्यांनी प्लॅनच्या पानावरच लिहायला हवे. तोवर, ब्रॉडबँडच्या तुलनेचा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा एमबीपीएसच्या शेजारी एवढा एक रकाना वाढवावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक