व्हिडिओ नको, लेखी तक्रार करा

महोदय,

गणपतीत सुटीवर आलेला चाळीतला जवान ‘वरिष्ठ त्रास देतात’ म्हणतो आणि घरातलं कुणीतरी हटकून सुचवतं, "व्हिडिओ काढ, टाक फेसबुकवर." असे सल्लागार पोराची नोकरी घालवतील! परवानगीशिवाय बोलल्याची कारवाई त्याच्यावरच होते, मूळ गाऱ्हाणं राहतं बाजूला.

लष्कर कायदा, १९५० च्या कलम २६ नुसार जवान कंपनी कमांडरकडे तक्रार करू शकतो. तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. चौकशी करणं बंधनकारक आहे. हाताखालच्याला मारहाण वा छळ करणाऱ्याला कलम ४७ खाली ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे किती घरांत ठाऊक आहे? खोटा आरोप हाही गुन्हाच, म्हणून तारीख, वेळ, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी वहीत उतरवायला सांगा. अर्जाची प्रत जपून ठेवा. ‘साहेब वाईट वागतात’ एवढ्या मोघम वाक्यावर काही हलत नाही. सेवाविषयक अर्जावर ६ महिने निर्णय झाला नाही, तर दाद मागायला सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे फौजींच्या नोकरीचे तंटे ऐकणारं न्यायालय आहे. त्याचं खंडपीठ मुंबईतच आहे. बदली-रजेची प्रकरणं मात्र तिथे चालत नाहीत.

घरच्यांनी आधी नीट ऐकून घ्यावं. "फौजेत एवढं चालायचंच" म्हटलं की पोरगं पुन्हा तोंड उघडत नाही. झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर अर्जबिर्ज नंतर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच रात्री लावा.

– एक निवृत्त सुभेदार, लालबाग, मुंबई